बाळ निळं पडलं आणि मला काही सुचेना

पत्र आलंय खानापूर तालुक्यातून. नाव टाकू नका म्हणालीय म्हणून टाकत नाही. लांब होतं, थोडं कापून देतेय.

"अक्का, मी २६ वर्षांची आहे, बीएस्सी नर्सिंग बेळगावातच झालं, तीन वर्षं झाली एका प्रायव्हेट हॉस्पिटलात कार्डियाक आयसीयूला आहे. सगळी मोठी माणसं, बायपास, अँजिओ, त्यात हात बसलाय. गेल्या महिन्यात रात्री निपाणीकडचं पाच महिन्यांचं बाळ आलं, हार्टचा जन्मजात प्रॉब्लेम. पहाटे रडता रडता निळं पडलं आणि मी ऑक्सिजन लावून नुसती उभी, पुढं काय करायचं तेच सुचेना. एका मल्याळी सिस्टरनं येऊन त्याचे गुडघे छातीशी दाबून धरले, डॉक्टर आले, बाळ वाचलं, दुसऱ्या दिवशी बेंगळूरला पाठवलं. तेव्हापासून मला हेच शिकायचंय. पण कसं? कॉलेजच्या मॅडम म्हणतात एमएस्सी कर चाइल्ड हेल्थमधून. मैत्रीण म्हणते एक वर्षाचा कार्डियोथोरॅसिक डिप्लोमा कर. भाऊ म्हणतो आयईएलटीएस, ती इंग्रजीची परीक्षा, दे आणि लंडन गाठ. मोबाइलवर एक जाहिरात येतेय, सहा महिन्यांची ऑनलाइन पीडियाट्रिक कार्डियाक फेलोशिप, फी ६५ हजार. माझा पगार १९ हजार. बाबा म्हणतात आधी लग्न, मग काय ते शीक. मला कॉलेजात शिकवायचं नाहीये, बेडजवळच राहायचंय."

अगं पोरी, आधी त्या रात्रीचंच बोलूया, कारण अख्ख्या पत्रात तेवढंच तुझं स्वतःचं आहे, बाकी सगळी दुसऱ्यांची मतं.

तू ऑक्सिजन लावलास ते चूक नव्हतं. पण त्या मल्याळी सिस्टरला त्याच्या पुढचं माहीत होतं. तू आजाराचं नाव लिहिलं नाहीस, पण वर्णनावरून टेट्रालॉजी ऑफ फॅलोटचंच वाटतंय, वॉर्डात टीओएफ म्हणतात ते. हार्टच्या खालच्या दोन कप्प्यांच्या मधल्या भिंतीला भोक आणि फुप्फुसाकडं जाणारी वाट अरुंद. बाळ रडलं, चिडलं की ती वाट अजून आवळते, मग निळं रक्त फुप्फुसाकडं जायचं सोडून भोकातून सरळ अंगात येतं. गुडघे छातीशी दाबले की पायाकडच्या रक्तवाहिन्या दबतात, अंगाकडचा दाब वाढतो आणि रक्ताला फुप्फुसाची वाट धरावीच लागते. मॉर्फीन, सलाइन, बीटा ब्लॉकर हे सगळं डॉक्टर सांगतील तसं नंतर, पण पहिला मिनिट सिस्टरच्या हातात असतो. आणि गंमत बघ, हे पोरांना आपलं आपण कळतं. पूर्वी आपल्याकडं शाळेच्या ग्राउंडवर एखादं पोर धावता धावता मध्येच उकिडवं बसायचं, ओठ जांभळे, आणि मास्तर म्हणायचे आळशी आहे. ते आळशी नव्हतं गं, तीच गुडघे छातीशी घ्यायची ट्रिक होती, कुणी न शिकवता.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे तुला बरं वाटेल. मी पण तुझ्यासारखीच मोठ्यांच्या आयसीयूतून पोरांच्या युनिटला गेले, मोठ्या शहरात, हॉस्पिटलचं नाव कशाला सांगू. पाच वर्षांचा अनुभव, जरा तोराच होता. पहिल्याच आठवड्यात नाइटला एक शंट केलेलं बाळ माझ्याकडं, शंट म्हणजे हाताकडच्या धमनीतून फुप्फुसाच्या धमनीला एक बारीक नळी जोडून देतात. मॉनिटरवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ८१. मोठ्यांच्या आयसीयूत ८१ दिसलं की आपण काय करतो? मी व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन वाढवला, ९३ आलं, मी खूश. अर्ध्या तासानं बीपी घसरलं, लघवी कमी, पाय गार. इन्चार्ज सिस्टर आली, एक नजर मॉनिटरवर टाकली आणि माझा हात धरून बाजूला केला. म्हणाली ह्या बाळाला ८० च पाहिजे. ७५ ते ८५ मध्ये ठेवायचं, त्यात रक्त फुप्फुसाकडं आणि अंगाकडं बरोबर वाटलं जातं. ऑक्सिजन वाढवलास की फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, सगळं रक्त तिकडंच पळतं आणि अंग उपाशी राहतं. माझ्या पाच वर्षांच्या अनुभवानंच त्या बाळाला त्रास दिला होता. नंतर बाळ सुधारलं, पण त्या रात्रीपासून आपल्याला काही येतं असं मी लवकर म्हणत नाही.

म्हणून म्हणते, तुझा हात बसलाय तो मोठ्यांवर बसलाय. त्यातलं अर्धं उपयोगी पडेल, अर्धं मोडावं लागेल. मोठ्यांच्या सलाइनच्या नळीतला बारीकसा बुडबुडा फुप्फुसात जाऊन विरतो, आपण फार मनावर घेत नाही. पण ह्या बाळांच्यात भोक आहे ना, तोच बुडबुडा तिथून सरळ मेंदूत जाऊ शकतो, म्हणून तिथल्या सिस्टरा प्रत्येक नळी उजेडात धरून टिचकी मारून बघतात. किंवा रक्ताचं बघ. बाळाच्या अंगात किलोमागं साधारण ८० मिली रक्त, म्हणजे तीन किलोच्या बाळात सगळं मिळून २४० मिली, आपल्या चहाच्या मोठ्या मगभर. त्यातून तू दर दोन तासांनी पाच पाच मिली सॅम्पल काढायला लागलीस तर संध्याकाळपर्यंत बाळ पांढरं पडेल.

आणि डोसचा हिशोब तर विचारूच नको. अॅड्रिनलिनचं उदाहरण घे, बऱ्याच युनिटमध्ये ०.३ मिलीग्रॅम गुणिले वजन, ५० मिलीत भरायचं, मग औषधाच्या पंपावर तासाला १ मिली म्हणजे ०.१ मायक्रोग्रॅम पर किलो पर मिनिट. चार किलोच्या बाळाला १.२ मिलीग्रॅम ५० मिलीत. डॉक्टर म्हणाले ०.०५ चालू ठेव तर पंपावर ०.५. आता झोपेत तू ०.५ च्या जागी ५ दाबलंस तर दहापट गेलं. हे तुला कागदावर सोपं वाटेल, पहाटे चारला पाच पंप लावलेल्या बेडसमोर उभं राहून बघ म्हणजे कळेल.

तर आता तुझा प्रश्न. कोर्सचं नाव नंतर बघ. आधी जिथं शिकणार तिथं बाळं किती येतात ते बघ. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. चाळीस सर्टिफिकेटं असलेली पण वर्षाला दहा बाळं बघणारी सिस्टर आणि काही नसलेली पण रोज चार फ्रेश पोस्ट-ऑप, म्हणजे नुकतंच ऑपरेशन झालेली, बाळं घेणारी सिस्टर, तुझ्या लेकराला कुठली पाहिजे सांग. त्या शंटच्या ऑपरेशनचंच बघ, १९४४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला पहिल्यांदा केलं. ते प्रयोगशाळेत बसवणारा व्हिव्हियन थॉमस डॉक्टर नव्हता, कॉलेजपण झालं नव्हतं त्याचं, पण ऑपरेशनच्या वेळी सर्जन ब्लॅलॉकनी त्याला आपल्या मागं स्टुलावर उभं केलं होतं, टाका कसा घालायचा ते सांगायला.

आता एकेक बघू. ऑनलाइन फेलोशिप सोडून दे. ६५ हजार म्हणजे तुझा साडेतीन महिन्यांचा पगार, आणि हाताला एकही बाळ नाही. लेक्चर ऐकायचीच असतील तर फुकट ढीगभर आहेत. शिवाय अशा फेलोशिपचं तुझ्या रजिस्ट्रेशनवर काही चढत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलनं मान्य केलेला पोस्ट बेसिक डिप्लोमा असेल तर तो स्टेट कौन्सिलकडं अॅडिशनल क्वालिफिकेशन म्हणून नोंदवता येतो, हा फरक आहे. मोठ्या हॉस्पिटलांच्या स्वतःच्या फेलोशिप असतात, तिथं वर्षभर वॉर्डात उभं करतात, त्या वेगळ्या, त्यांना मी नावं ठेवत नाही. घरात बसून करायची असेल तर नको.

एमएस्सी. मॅडमचं म्हणणं चुकीचं नाही, त्यांच्या जागेवरून बरोबर आहे. दोन वर्षं, बीएस्सीला ५५ टक्के पाहिजेत आणि एक वर्षाचा अनुभव, तो तुझ्याकडं आहे. घरातून जाऊन येऊन करायचं तर आपल्याकडं बेळगावात केएलईच्या नर्सिंग कॉलेजात होतं. पण एक गोष्ट समजून घे. चाइल्ड हेल्थ घेतलंस तर त्यात नवजात बाळापासून लसीकरण, कुपोषण, मुलांचं मानसिक आरोग्य सगळं येतं, हार्ट म्हणजे त्यातला एक तुकडा. हार्टच पाहिजे तर मेडिकल सर्जिकलमध्ये कार्डियो व्हॅस्क्युलर अँड थोरॅसिकचं सबस्पेशालिटी असतं, दिल्लीच्या एम्सला तर कार्डियोलॉजिकल आणि सीटीव्हीएस, म्हणजे हार्ट-छातीच्या ऑपरेशनच्या, नर्सिंगमध्ये वेगळी एमएस्सी आहे. आणि एमएस्सी झाली की आपल्याकडं काय होतं ते तू बघितलंयस, कॉलेजवाले ओढून नेतात, कारण लेक्चररपासून वरच्या जागांना एमएस्सी लागते, ड्युटी दिवसाची, रविवार सुट्टी, घरचे खूश. दोन वर्षांनी तू पण त्या वाटेनं जाशील, वाईट काही नाही त्यात, पण तूच लिहिलंयस बेडजवळ राहायचंय. एमएस्सी कर, पण तीन चार वर्षं बाळं हाताळून झाल्यावर कर. तेव्हा डिझर्टेशनला विषय शोधत फिरावं लागणार नाही, तुझ्याच बेडवर विषय पडलेला असेल.

नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर म्हणून दोन वर्षांचा रेसिडेन्सीसारखा कोर्स पण निघालाय, चांगला आहे, पण तुला त्यात परत मोठ्यांचंच आयसीयू जास्त मिळेल.

राहिला डिप्लोमा. माझं मत इकडं झुकतं. पोस्ट बेसिक डिप्लोमा इन कार्डियोथोरॅसिक नर्सिंग, एक वर्ष, बराचसा वेळ वॉर्डात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्राला हे शिकवणं जुनं आहे. पण डिप्लोमातसुद्धा मोठी माणसं आणि पोरं मिसळून असतात, म्हणून फॉर्म भरायच्या आधी फोन करून विचार की वर्षातले किती महिने पीडियाट्रिक आयसीयूला टाकता. तीन आठवडे म्हणाले तर फोन ठेव.

दुसरी वाट म्हणजे कोर्स नकोच, आधी नोकरी. बेंगळूरला देवी शेट्टींच्या नारायणामध्ये पोरांची ऑपरेशनं मोठ्या प्रमाणात होतात, सरकारी जयदेव आहे, व्हाइटफिल्डला सत्यसाईंचं फुकट ऑपरेशन करणारं २००१ पासून चालू आहे. महाराष्ट्रात जायचं मनात असेल तर खारघरला सत्यसाई संजीवनी आहे, ते तर लहान मुलांच्या हार्टचंच, तेही फुकट. अशा ठिकाणी स्टाफ नर्स म्हणून लागलीस की पहिले काही महिने सीनिअरच्या हाताखाली ठेवतात, प्रिसेप्टर म्हणतात, तेच खरं ट्रेनिंग. इंटरव्ह्यूला आपण नुसतं पगार आणि होस्टेल विचारतो ना, तसं करू नको. विचार की एक वर्षाच्या आतली बाळं महिन्याला किती ऑपरेट होतात. व्हेंटिलेटरवरच्या बाळाला एकास एक सिस्टर असते का. नवीन सिस्टरला किती दिवसांनी एकटीला बेड देता. ह्या शेवटच्या प्रश्नाला कुणी दुसऱ्याच दिवशी असं उत्तर दिलं तर तिथं जाऊ नको, तिथं तू शिकणार नाहीस, नुसती दमशील आणि एखाद्या रात्री चुकशील.

मी तुझ्या जागी असते तर दीड दोन वर्षं अशा ठिकाणी काढली असती आणि मग तिथूनच डिप्लोमाला बसले असते.

ओरिजिनल सर्टिफिकेटं दाखवायची, ठेवून घ्यायला द्यायची नाहीत. बाँड असेल तर घरी आणून वाच, तिथल्या तिथं सही करू नको, माझ्या बॅचच्या एकीचे दोन वर्षं कागद अडकून पडले होते आणि तिची सरकारी नोकरीची संधी तेवढ्यात गेली. पगाराचं म्हणशील तर सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या कमिटीनं २०१६ मध्येच सांगितलंय की ५० पेक्षा कमी बेडच्या हॉस्पिटलात सुद्धा नर्सला २० हजाराच्या खाली देऊ नका. तुला कार्डियाक आयसीयूला तीन वर्षांनी १९. आता काय बोलायचं.

सीमाभागातलं अजून एक लचांड आहे, ते आधीच सांगते. तुझं रजिस्ट्रेशन कर्नाटक कौन्सिलचं. बेंगळूरला जाशील तर काही करायला नको. पुण्या-मुंबईला किंवा खारघरला जाशील तर महाराष्ट्र कौन्सिलकडं नोंदणी करावी लागेल, त्यासाठी इकडची एनओसी, त्याला वेळ जातो, म्हणून अपॉइंटमेंट लेटर हातात पडायची वाट बघत बसू नको. आपल्या घरात महाराष्ट्र म्हटलं की जीव तिकडं ओढतो, माझा पण ओढायचा, पण शिकायला बेंगळूर जवळ नाही म्हणून नको म्हणू नको, रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसला बसलं की सकाळी तिथं. आणि कन्नड चांगलं कर. भाषेचं राजकारण आपण चौकात करू, बाळाच्या आईशी तिच्याच भाषेत बोलायचं. "कूसु हालु कुडितैती?", बाळ दूध पितंय का, एवढं विचारता आलं तरी ती आई तुला सगळं सांगते, की दूध पिताना मध्येमध्ये थांबतंय, कपाळाला घाम येतोय. हार्ट फेल्युअरचं पहिलं लक्षण आईनंच सांगितलेलं असतं, मॉनिटर नंतर सांगतो.

लंडनचं. भावाला सांग आयईएलटीएस पास झालं म्हणजे पोरांच्या हार्टचं आयसीयू मिळालं असं नसतं. तिकडं नर्सच्या रजिस्टरमध्येच मोठ्यांची नर्स आणि मुलांची नर्स असे वेगळे भाग आहेत, आपल्या बीएस्सीवाल्या मुली बहुतेक मोठ्यांच्या भागात जातात. ऐकणं, वाचणं, बोलणं ७ आणि लिहिणं ६.५ पाहिजे, मग सीबीटी म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग तिकडं जाऊन ओस्की म्हणजे प्रॅक्टिकल परीक्षा. तिथली पद्धत मात्र मला आवडते, आधी युनिटला नोकरी, मग युनिटच युनिव्हर्सिटीच्या पोस्टग्रॅज्युएट मोड्यूलला पाठवतं, शिकलेलं दुसऱ्या दिवशी बेडवर वापरायचं. जायचं तर जा, पण इथं पोरांच्या युनिटची तीन वर्षं घेऊन जा. तिथल्या पोरांच्या आयसीयूच्या मॅनेजरला तुझे बायपासचे पेशंट दाखवून काय उपयोग.

हे सगळं व्हायला चार सहा महिने जातील, तोवर गप बसू नको. पाल्सचा, म्हणजे लहान मुलांचा जीव वाचवायच्या तातडीच्या उपचारांचा, कोर्स कर, दोन दिवसांचा असतो, कार्ड दोन वर्षं चालतं, खर्च करायचाच असेल तर त्या ६५ हजारातला थोडा इथं कर. एक वही घाल, रोज एका आजाराचं चित्र स्वतःच्या हातानं काढ, रक्त कुठून कुठं जातं ते निळ्या आणि लाल पेनानं. व्हीएसडी म्हणजे खालच्या कप्प्यांच्या भिंतीला भोक, एएसडी म्हणजे वरच्या, पीडीए म्हणजे जन्मानंतर बंद न झालेली नळी, मग टीओएफ, मग ट्रान्सपोझिशन, म्हणजे हार्टमधून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्यांची अदलाबदल. चित्र काढता आलं की सॅच्युरेशन किती असायला पाहिजे ते पाठ करावं लागत नाही, आपोआप कळतं. आणि सुट्टीच्या दिवशी तुमच्या तालुक्याच्या आरबीएसकेच्या, म्हणजे मुलांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यक्रमाच्या, टीमबरोबर एखाद्या अंगणवाडीला जाऊन बघ, २०१३ पासून ही टीम शाळा अंगणवाड्यातून पोरं तपासते, जन्मजात हार्टचे आजार त्यांच्या यादीत आहेत. शंभरात साधारण एक बाळ हार्टच्या दोषाचं जन्मतं, म्हणजे तुमच्या खानापूरच्या जंगलाकडच्या गावांत पण आहेत, फक्त कुणी कान लावला नाही अजून.

बाबांचं राहिलं. बाबा लग्न म्हणतात म्हणून चिडू नको, २६ झालं की आपल्याकडं सगळेच म्हणतात. त्यांना कोर्स कोर्स म्हणून सांगितलंस तर कळणार नाही, त्यांना वाटणार पोरगी अजून शिकतेच आहे. त्या निपाणीच्या बाळाचं सांग. निळं कसं पडलं, तुझे हात कसे थांबले, ते सगळं. आणि तारीख दे, की दीड वर्ष बेंगळूर, तोवर स्थळं बघत राहा, माझी ना नाही, पण नाइट ड्युटी चालेल का हे पहिल्याच भेटीत विचारायचं, मला नाही, मुलाकडच्यांना. माझ्या वेळी हे कुणी विचारलं नाही, लग्नानंतर सासूबाईंनी सहा महिने माझ्या नाइटचा हिशोब वहीत लिहून ठेवला होता. नंतर त्यांच्याच नातवाला न्यूमोनिया झाला तेव्हा ती वही कुठं गेली कुणास ठाऊक.

आणि जिथं आहेस तिथून निघताना भांडून निघू नको, नोटीस पिरियड पूर्ण कर. एक्सपिरियन्स लेटरवर हे लोक नुसतं 'स्टाफ नर्स' एवढंच टाइप करून देतात. त्यावर कार्डियाक आयसीयू, व्हेंटिलेटर आणि बलून पंप हाताळले, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हे सगळं लिहून माग, कागदावर एचआरचा शिक्का आणि मेट्रनची सही दोन्ही बघ, मगच गेटबाहेर पड.

— अक्का